बेरजेत नसलेला आकडा

सानगडीजवळच्या टेकडीवरचं आमचं टेलिफोनचं स्टेशन चौथ्यांदा बंद पडलं, तेव्हा साहेबांनी यंत्राकडे पाहिलंच नाही. त्यांनी थेट माणसाकडे पाहिलं. तो माणूस म्हणजे तिथला चौकीदार. पन्नाशी ओलांडलेला, रोजंदारीवरचा, टेकडीच्या पायथ्याशी धानाच्या दोन बांध्या कसणारा. सगळे त्यांना मामा म्हणत. मीही मामाच म्हणायचे. साहेबांनी त्यांना भंडाऱ्याला बोलावून घेतलं होतं.

"तूच बटण दाबतोस," साहेब म्हणाले.

"मी तं बटनाले हातच नाही लावलो, साहेब. खोली झाडलो, कुलूप लावलो अन् बांधीवर गेलो."

"मग काय भूत येऊन बंद करतं?"

मामांनी मान खाली घातली. टेकडीवरचा सेट, म्हणजे गावाचे फोन बाहेर जोडणारं यंत्र, बंद पडला की सानगडीचा अख्खा टेलिफोन मुका व्हायचा. दवाखान्याचा, पोलीस चौकीचा, बाजारातल्या दुकानांचा. शेवटच्या वेळी दवाखान्यातल्या एका बाळंतिणीसाठी साकोलीहून गाडी मागवायची होती आणि फोन लागत नव्हता. तिला ट्रॅक्टरवर घालून नेलं. बाई आणि बाळ दोघंही सुखरूप राहिले, पण तक्रार वरपर्यंत गेली होती आणि साहेबांना आता एक गुन्हेगार हवा होता. महिनाअखेर किल्ली जमा करायची, असं त्यांनी मामांना सांगितलं.

मी त्याच खोलीत, चार हातांवर बसले होते. मी काही बोलले नाही. त्या न बोलण्याची लाज मला अजून वाटते. पुढे मी जे केलं त्याला लोक धाडस म्हणाले, पण त्याचा निम्मा भाग तरी ती लाज होती.

ही ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मी भंडाऱ्याच्या टेलिफोन केंद्रात तंत्रज्ञ होते. आमचं घर कोष्ट्याचं, अंगणात दोन माग. सत्तरच्या दशकात शाळेत असताना मी मागाच्या आवाजात गणितं सोडवली. नागपूरला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला जाते म्हटल्यावर शेजारच्या काकू आईला म्हणाल्या होत्या, "पोरीले का खांबावर चढवतं?" आई म्हणाली, "चढली तं चढली. पडन तं तिचे ती उठन." आईची ही दोन वाक्यं मला पुढे अनेक ठिकाणी कामी आली.

नोकरीत रुजू झाल्यावर मला नियंत्रण खोलीत बसवलं, कारण बाईमाणूस टॉवरवर कुठे चढणार! दुसऱ्याच आठवड्यात मी सलवार-कुर्ता घालून, पट्टा बांधून लाखनीच्या टॉवरवर चढले आणि उतरले. पण मला खोलीतच ठेवलं, आणि ते एका परीने बरंच झालं, कारण नवं यंत्र त्याच खोलीत आलं.

पूर्वी दूरच्या स्टेशनवरचा सेट चालू-बंद करायचा तर माणूस पाठवावा लागे. एसटी, मग सायकल, मग पायी. नव्या यंत्राने ते काम भंडाऱ्यात बसून होऊ लागलं. टेबलावर एक पडदा आणि कळफलक. शेजारी कागदाच्या गुंडाळीवर प्रत्येक हुकूम छापून ठेवणारा प्रिंटर. लाखनी, साकोली आणि सानगडी या तीन स्टेशनांवर एकेक लोखंडी पेटी. भंडारा आणि ही तीन स्टेशनं यांना जोडणारी एकच तारांची जोडी हमरस्त्याच्या कडेने खांबांवरून गेली होती. आम्ही पाठवलेला हुकूम तिन्ही पेट्यांना ऐकू जायचा. जिचा नंबर असेल तिने तो पाळायचा, बाकीच्यांनी गप्प बसायचं.

हुकूम एका ठरीव साच्यात जायचा, एकामागून एक अक्षर. त्याला आम्ही पॅकेट म्हणायचो. सुरुवातीला एक चांदणी, म्हणजे आता हुकूम येतोय. मग स्टेशनचा नंबर: लाखनी ०१, साकोली ०२, सानगडी ०३. मग एक अक्षर: A म्हणजे मुख्य सेट, B म्हणजे राखीव. मग १ म्हणजे चालू कर, २ म्हणजे बंद कर. आणि शेवटी तपासणीचे दोन आकडे. आधीच्या अक्षरांची बेरीज करून ते यंत्र स्वतःच लावायचं. पलीकडची पेटी आलेल्या अक्षरांची पुन्हा बेरीज करायची. जुळली तर हुकूम पाळायचा आणि आपल्या नंबरासह "झालं" असं उत्तर धाडायचं. नाही जुळली तर वाटेत काही बिघडलंय असं समजून हुकूम टाकून द्यायचा. भंडाऱ्याचं यंत्रही हुकूम दिलेल्या नंबराचंच उत्तर धरायचं, दुसऱ्या नंबराचं आलं तर सोडून द्यायचं.

यंत्र बसवायला कंपनीचा एक इंजिनिअर मोठ्या शहरातून आला होता. हुशार, घाईतला, गळ्यात टाय. पॅकेटच्या साच्याविषयी मी दोन प्रश्न विचारले, तर म्हणाला, "मॅडम, ये अंदर की बात है. आप सिर्फ बटन दबाइए." इंग्रजी पुस्तिका त्याने साहेबांच्या कपाटात ठेवून दिली. मी ती मागून घेतली आणि डब्याच्या सुट्टीत वाचून काढली. एकशेबारा पानांत पॅकेटविषयी एकच पान होतं, आणि तपासणीविषयी त्यात एकच ओळ. बेरीज नेमकी कुठल्या अक्षरांची, हे त्या ओळीत नव्हतं.

मामांना बोलावलं होतं त्या दिवशी संध्याकाळी घरी आले आणि जेवले नाही. बाबा मागावरून उठून आले. "का झालं?" म्हणाले. मी सांगितलं.

बाबा माझ्याजवळ खाली बसले. मग म्हणाले, "तो माणूस खरं बोलून राहिला, हे तुले पक्कं माहीत आहे का?"

"पक्कं नाही माहीत."

"मंग माहीत कर. रडून का होते?"

दुसऱ्या दिवशी मी प्रिंटरच्या जुन्या गुंडाळ्या काढल्या. सानगडी बंद पडलं ते चारही दिवस गुरुवार होते, आणि वेळ चारही वेळा सकाळी अकराची. गुरुवारी दहा ते अकरा आम्ही लाखनीचा राखीव सेट तपासणीसाठी चालवत असू आणि अकराला बंद करत असू. गुंडाळीवर त्या चारही दिवशी लाखनीला बंद करण्याचा हुकूम दोनदा छापलेला होता. पहिल्यांदा पाठवला, लाखनीचं उत्तर आलं नाही. पुन्हा पाठवला, उत्तर आलं. असं अधूनमधून व्हायचंच, म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं. त्यातला एक गुरुवार तर माझ्याच पाळीचा होता. मीच तो हुकूम दुसऱ्यांदा पाठवून चहा प्यायला गेले होते.

मग मी वहीत तिन्ही स्टेशनांचे बंदचे हुकूम एकाखाली एक लिहिले.

*01B274
*02B274
*03B274

लिहिताना हात थांबला. नंबर तीन वेगळे, पण शेवटचे तपासणीचे आकडे तिन्हीत ७४. बेरजेत नंबर धरला असता तर आकडा दरवेळी बदलायला हवा होता. मी पुस्तिकेतला अक्षरांच्या किमतींचा तक्ता उघडला. B ची किंमत ६६, २ या आकड्याची ५०. बेरीज ११६. यंत्र दहाऐवजी सोळाच्या गटांनी मोजतं; त्या सोळाच्या मोजणीत ११६ म्हणजे सात वेळा सोळा आणि वर चार, म्हणजे ७४. या दोन अक्षरांतच बेरीज पूर्ण झाली होती. बेरीज फक्त हुकमाची होती. हुकूम कुणासाठी आहे, हे तपासलंच जात नव्हतं. म्हणजे वाटेत लाखनीचा १ बिघडून त्याचा ३ झाला, तर सानगडीची पेटी म्हणणार, माझा नंबर आहे, बेरीज बरोबर आहे, आणि हुकूम पाळणार. आणि यंत्राच्या भाषेत १ आणि ३ मध्ये फरक असतो तो फक्त एका टिंबाचा, एका बिटचा. तारेवर जरा खरखर झाली की पुरे. सानगडीचा मुख्य सेट तेव्हा दुरुस्तीला गेलेला होता, सगळा भार राखीव सेटवर होता. तोच बंद झाला की संपलं.

मी धावतच साहेबांच्या खोलीत गेले. ते फायली बघत होते. मी वही पुढे ठेवली. त्यांनी ती वाचली नाही, बंद करून परत दिली.

"कंपनीच्या यंत्रात चूक आहे असं तुमचं म्हणणं आहे?"

"हो."

"तुम्ही तंत्रज्ञ आहात. तंत्रज्ञाने तंत्रज्ञासारखं राहावं. यंत्राला हात लावायचा नाही, कुणाला पत्र लिहायचं नाही. चौकशीला कंपनीचा माणूस येणार आहे, तो बघेल."

"तोपर्यंत मामा घरी बसतील."

"तो माझा प्रश्न आहे."

मी वही उचलली. दारातून बाहेर पडताना माझ्या लक्षात आलं की मी घाबरलेली नाही. मला राग आला होता, आणि रागाने डोकं अगदी स्वच्छ झालं होतं.

आमच्या स्टोअरमध्ये एक जुना प्रिंटर पडून होता. तारेवरून जे येईल ते जसंच्या तसं छापायचा. तो सानगडीच्या पेटीला जोडला तर पेटीला नेमकं काय ऐकू आलं ते कागदावर उतरलं असतं. मी दोन दिवसांची रजा टाकली आणि प्रिंटर सतरंजीत गुंडाळून कुणालाही न विचारता एसटीत चढवला. कंडक्टर म्हणाला, "बाई, हे का नेऊन राहिल्या?" मी म्हटलं, "साक्षीदार." त्याने सामानाचं तिकीट फाडलं.

सानगडीला मामा थांब्यावर आले होते. मी निरोप धाडला होता, पण मी खरंच येईन असं त्यांना वाटलं नव्हतं. प्रिंटर डोक्यावर घेऊन ते टेकडी चढले. वर खोलीत मी तीन तारा जोडल्या, कागद लावला, भंडाऱ्याहून येणारा एक नेहमीचा हुकूम छापून येताना पाहिला.

मामा दारात उकिडवे बसून बघत होते. "बाई, तुमाले साहेबांनं पाठवलं का?"

"नाही."

"मंग तुमी काहून आल्या? तुमची नोकरी पक्की आहे. माझ्यापायी तुमाले तरास होईन."

"मामा, तुमी बटनाले हात लावला का?"

"माझ्या बैलाची आन, नाही."

"मंग मले तरास झाला तं झाला."

त्यांना मी एवढंच शिकवलं: दर गुरुवारी सकाळी कागद आहे का बघायचं आणि अकरानंतर कागद फाडून, घडी करून ठेवायचा. कागदावर काही लिहायचं नाही, टिंबसुद्धा नाही. महिनाअखेरपर्यंत तीन गुरुवार उरले होते.

परत येताना लाखनीला उतरले. अकराच्या सुमाराचाच हा खेळ का, ते मला छळत होतं. हमरस्त्याने ट्रकांच्या धुळीतून तारेच्या खांबांखालून चालत गेले, तर गावाबाहेर तार एका राईस मिलच्या भिंतीला जवळजवळ घासून जात होती. मिलच्या मालकाला विचारलं, वीज किती वाजता येते? म्हणाला, "अकराले. वीज आली का मोटर चालू." मोटर चालू होताना भिंतीवरच्या स्विचच्या पेटीतून निळ्या ठिणग्या उडतात, हे त्याने मोठ्या कौतुकाने दाखवलं. तारेवरची खरखर कुठून येते ते मला कळलं.

पहिल्या गुरुवारी काही झालं नाही. दुसऱ्या गुरुवारीही नाही. त्या आठवड्यात कुणीतरी साहेबांना प्रिंटरविषयी सांगितलं आणि मला मेमो मिळाला. परवानगीशिवाय सरकारी उपकरण हलवल्याबद्दल खुलासा करावा. सोबतच्या एकाने समजावलं, "प्रिंटर परत आण, दोन ओळी दिलगिरीच्या लिही, मिटून जाईल." मी म्हटलं, प्रिंटर गुरुवारनंतर आणीन. दिलगिरी मला वाटत नाही, तर लिहू कशी?

तिसरा गुरुवार महिन्यातला शेवटचा होता. चौकशीही त्याच दुपारी ठेवली होती. अकराला मी स्वतः पडद्यासमोर होते. लाखनीला बंदचा हुकूम गेला. उत्तर आलं नाही. मी घड्याळ बघून वेळ वहीत मांडली आणि पुन्हा पाठवला. या वेळी उत्तर आलं. पाच मिनिटांत साकोलीहून खबर आली की सानगडी बंद आहे. मी आयुष्यात कुठल्या बिघाडाने एवढी खूश झाले नव्हते.

दुपारी तीनला मामा आले. सानगडीहून मिळेल त्या गाडीने, शेवटचा टप्पा ट्रकमध्ये बसून. डोक्याच्या दुपट्ट्याच्या पदरात कागद बांधलेला. गाठ सोडून त्यांनी तो माझ्यापुढे धरला. "बाई, मले वाचता नाही येत. पन आज यंत्र खटकन वाजलं अन् लाल दिवा गेला. मी दारात होतो. हात मागं बांधून उभा होतो."

कागदावर अकराच्या सुमाराला हुकमाच्या दोनच ओळी होत्या. पहिली *03B274. दुसरी *01B274. भंडाऱ्याच्या गुंडाळीवर त्याच वेळी दोन्ही ओळी *01B274.

मी मामांना घेऊन सरळ साहेबांच्या खोलीत शिरले. कंपनीचा तोच इंजिनिअर खुर्चीत होता. साहेब म्हणाले, "तुम्हाला बोलावलेलं नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं आणि दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

इंजिनिअरने ते पाहिले. "पुराना प्रिंटर है. गलत छाप दिया होगा."

"मग सेट का बंद झाला? तोही जुन्या प्रिंटरने बंद केला?"

तो हसला, साहेबांकडे बघून. ते हसू मी विसरलेले नाही. मी खिशातली पेन्सिल त्याच्यापुढे ठेवली. "तीन स्टेशनांना एकच हुकूम जातो तेव्हा तपासणीचा आकडा तिन्हीकडे सारखाच का असतो? मला सांगू नका. बेरीज करा."

"मॅडम, मेरे पास टाइम..."

"करा," साहेब म्हणाले. हळूच म्हणाले, पण म्हणाले.

त्याने पेन्सिल उचलली. सहासष्ट लिहिले, खाली पन्नास. बेरीज केली, सोळाच्या मोजणीत बदलली. ७४ आलं.

"आता यात स्टेशनचा नंबर कुठे आहे?" मी विचारलं.

त्याने पेन्सिल खाली ठेवली. मग त्याने टाय थोडा सैल केला आणि इंग्रजीत साहेबांना म्हणाला, की हे वर कळवावं लागेल. माझ्याकडे मात्र त्याने पाहिलं नाही.

मामांची किल्ली त्यांच्याकडेच राहिली. लाखनीची तपासणी सकाळी आठलाच सुरू करायचं त्याच आठवड्यात ठरलं, मिलची मोटर झोपलेली असताना. मिलच्या भिंतीजवळचे दोन खांब पुढे रस्त्याच्या पलीकडे हलवले. सात-आठ महिन्यांनी कंपनीकडून तिन्ही पेट्यांसाठी आणि टेबलावरच्या यंत्रासाठी नव्या चिप्स आल्या. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की कंपनीने स्वतःहून सुधारणा केली आहे. आता बेरजेत नंबरही धरला जात होता.

आणि मेमो? तो मागे घेतला गेला नाही. मला पुन्हा खुलासा मागितला. मी मराठीत लिहिला: प्रिंटर मी नेला. विचारलं असतं तर परवानगी मिळाली नसती, म्हणून विचारलं नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा नेईन. साहेबांनी तो वाचून मला बोलावलं. त्यांचा स्वर वाईट नव्हता. "शेवटचं वाक्य काढा. मी फाइल बंद करतो. तुम्ही बरोबर होता, हे मलाही कळतं."

"मग ते तुम्ही लिहून द्या. मी शेवटचं वाक्य काढते."

त्यांनी लिहून दिलं नाही. मी वाक्य काढलं नाही. माझी बदली नियंत्रण खोलीतून स्टोअरमध्ये झाली, तारांची भेंडोळी आणि बल्ब मोजायला. अकरा महिने मोजले. आई म्हणाली, "पडली का?" मी म्हटलं, "जराशी." "मंग ऊठ," ती म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

स्टोअरमध्ये वेळ भरपूर होता. मी पॅकेटचा सगळा साचा मराठीत लिहून काढला. कुठलं अक्षर काय सांगतं, बेरीज कशी करायची, उत्तर आलं नाही तर काय बघायचं. कार्बन घालून पाच प्रती केल्या आणि तिन्ही स्टेशनांवर, अड्याळच्या लाइनमनकडे आणि नियंत्रण खोलीत एकेक पाठवली. अंदर की बात आता बाहेर आली होती. लोकांना ती कळतही होती. साकोलीहून एकाने माझ्या प्रतीतलीच एक चूक कळवली, आणि ती खरोखर चूक होती.

नव्या चिप्स बसवायच्या वेळी साहेबांनी मला स्टोअरमधून बोलावलं. आदेश लेखी नव्हता. म्हणाले, "खोलीतल्या नव्या लोकांना जरा समजावून सांगा."

"सांगीन. पण तिन्ही स्टेशनांचे चौकीदारही बसतील."

"त्यांना काय कळणार?"

"तुम्हाला वेळ असेल तर तुम्हीही बसा."

ते बसले नाहीत. पण नाहीही म्हणाले नाहीत. त्या सोमवारी नियंत्रण खोलीत सात माणसं बसली होती. मामा धुतलेलं धोतर नेसून आले होते. मी फळ्यावर नवं पॅकेट लिहिलं आणि प्रत्येकाला बेरीज करायला लावली. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी तोंडी केली. मामांचं उत्तर चुकलं. पुन्हा केलं, पुन्हा चुकलं. एक नवा तंत्रज्ञ हसला, तसे मामा त्याच्याकडे वळून म्हणाले, "हास बाबू. तुले येते, मले नाही येत. पन मी आज येईपर्यंत उठत नाही."

सुट्टीची वेळ होऊन गेली. कुणीच उठलं नाही. मी खडू घेतला आणि पहिल्या अक्षरापासून पुन्हा सुरुवात केली.